शंभुनाथ डे यांचा एच-इंडेक्स किती?

‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकात १५३३ आणि १५३४ या पानांवर एक छोटा पेपर आहे. लेखक एकच, एस. एन. डे, कलकत्ता. प्रयोग सांगायला दोन मिनिटं पुरतात. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्याचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा, बांधलेल्या पोकळीत सुईने द्रव सोडायचा आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. कॉलऱ्याचे जिवंत जंतू सोडले की तो तुकडा पाण्याने टम्म फुगतो, हे डे आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९५३ मध्येच दाखवलं होतं. १९५९ मध्ये डे यांनी जंतू गाळून टाकले आणि ज्या द्रवात ते वाढले होते तो नुसता गाळीव द्रव सोडला. तुकडा तरीही फुगला. म्हणजे जुलाब घडवणारं विष जंतू अंगाबाहेर टाकतो. असं काही विष असावं असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये केला होता, तोही कलकत्त्यात कॉलऱ्याचा अभ्यास करून. तो खरा ठरायला पंचाहत्तर वर्षं गेली.

आता एक उलटा खेळ खेळून बघू. मेडिकल कॉलेजातल्या वरच्या पदाचा अर्ज घ्यायचा, ज्यात ‘एकूण सायटेशन’ (म्हणजे पुढच्या पेपरांनी आपल्या पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला), ‘एच-इंडेक्स’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (या दोघांचा अर्थ पुढे येतो) असे रकाने असतात, आणि तो डॉ. शंभुनाथ डे यांच्या नावाने भरायला बसायचं. कॉलऱ्याच्या विषाचा शोध ज्याच्या नावावर आहे त्याचे रकाने चटकन भरतील असं वाटतं. पहिल्याच रकान्याशी, म्हणजे नावाशी, पेन अडतं.

हे आडनाव बंगाली माणूस ‘दे’ असं म्हणतो, आपण ‘डे’ छापतो आणि रोमन लिपीत ते दोनच अक्षरांचं होतं. काही घराणी शेवटी ‘वाय’ लावतात. पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेससाठी याहून वाईट आडनाव शोधून सापडायचं नाही, कारण डच, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आडनावांच्या पुढे हीच दोन अक्षरं ‘चा-ची-चे’ सारखी येऊन बसतात. नुसतं आडनाव आणि एक आद्याक्षर टाकून शोधलं तर निम्मा युरोप आणि ब्राझील दारात उभे राहतात. १९५३ च्या पेपराचे सहलेखक डी. एन. चॅटर्जी. त्यांच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एकच ‘ई’ छापला आहे, आणि पुढच्या लोकांनी सवयीने दोन लावले. मासिकाचं नाव ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी’, जे पुढे नुसतं ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’ झालं. त्याचा संक्षेप कुणी ‘जे पाथ बॅक्ट’ लिहितं, कुणी ‘जे पॅथॉल बॅक्टेरिऑल’. खंड ६६ च्या जागी चुकून ५६ पडला की यंत्र तो वेगळाच पेपर समजतं आणि त्याचं सायटेशन खऱ्या पेपराच्या खात्यात जमा होत नाही.

यावर इलाज आहे, पण तो हातांनी करावा लागतो. वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये साधा शोध न घेता ‘साइटेड रेफरन्स सर्च’ उघडायचा. लेखकाच्या जागी आडनाव, पहिलं आद्याक्षर आणि पुढे तारका. वर्षाच्या जागी १९५३ किंवा १९५९. मग जी यादी येते ती वाचायची. त्यात एकाच पेपराची पाच-सात रूपं दिसतात, कुठे पान चुकलेलं, कुठे दुसरं आद्याक्षर गळालेलं. जी आपली आहेत त्यांच्यावर खुणा करायच्या आणि मगच बेरीज घ्यायची. ही खटपट न करता काढलेला जुन्या पेपराचा आकडा जवळजवळ नेहमी कमी येतो.

आपल्याकडची नावंही काही सोपी नाहीत. जोशी एस., पाटील ए., कुलकर्णी पी. या तीन नावांखाली महाराष्ट्रातला वैद्यकीय अभ्यासकांचा मोठा जमाव मावतो. वडिलांचं नाव कुणी मधे घालतं, कुणी नाही. लग्नानंतर आडनाव बदललं की एका बाईंच्या दोन प्रोफाइल होतात आणि दोन्ही अर्धवट. गडचिरोलीचे अभय बंग आणि राणी बंग हे छापील यादीत ए. टी. बंग आणि आर. ए. बंग. विषय जवळचे, गाव तेच, कितीतरी पेपरांवर दोघंही. त्यात रोमन लिपीत हेच आडनाव कोरियातही चालतं. महाडला एच. एस. बावस्कर आणि पी. एच. बावस्कर. अशा ठिकाणी आद्याक्षर गाळणाऱ्याने नवऱ्याचं श्रेय बायकोला दिलं की बायकोचं नवऱ्याला, हे त्यालाही कळत नाही. २०१२ पासून संशोधकाला ‘ऑर्किड’ नावाचा स्वतःचा असा सोळा आकडी क्रमांक मिळतो. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणून कधी कधी तिथे ‘एक्स’ दिसतो. क्रमांक फुकट आहे, पाच मिनिटांत निघतो, आणि पुष्कळ लोक तो काढून विसरून जातात. पेपर पाठवताना फॉर्ममध्ये घातला तरच त्याचा उपयोग. स्कोपस या तशाच दुसऱ्या डेटाबेसमध्ये आपल्या दोन प्रोफाइल झाल्या असतील तर त्या जोडायची विनंती स्वतःच करावी लागते. गूगल स्कॉलर या गूगलच्या पेपर शोधायच्या यंत्रावर ‘नवे पेपर आपोआप जोडा’ हा पर्याय चालू असेल तर तो आधी बंद करून ‘मला विचारून जोडा’ वर टाकावा, नाहीतर एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाच्या नावावर सोयाबीनचा पेपर चढतो आणि त्याची सायटेशनंही.

नावाचं निस्तरलं की प्रश्न येतो घड्याळाचा. स्कोपस सुरू झालं २००४ मध्ये आणि त्यातले संदर्भ मागे जातात ते १९७० पर्यंत. डे कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले १९७३ मध्ये. म्हणजे नोकरीत असताना त्यांना मिळालेल्या सायटेशनांपैकी शेवटच्या तीन-चार वर्षांचीच नोंद स्कोपसकडे धड सापडणार. १९५९ ते १९६९ ही दहा वर्षं, ज्यांत हा पेपर कुणी वाचला आणि कुणी वाचला नाही हे खरं पाहायचं, ती त्याच्या खिडकीबाहेर. वेब ऑफ सायन्स बरंच मागे जातं, पण तुमच्या कॉलेजाने किती वर्षांचे पैसे भरलेत त्यावर तुम्हाला काय दिसेल ते ठरतं. दोन शहरांत दोघांनी एकाच दिवशी एकाच माणसाचा एच-इंडेक्स काढला आणि तो वेगळा आला तर दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. गूगल स्कॉलर सगळ्यांत उदार. त्यात प्रबंध येतात, प्रीप्रिंट (मासिकात छापण्याआधीच टाकलेले पेपर) येतात, कुणीतरी वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ येते, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी मासिकंही येतात. म्हणून त्याचा आकडा सहसा सगळ्यांत मोठा असतो आणि अर्जात सहसा तोच लिहिलेला असतो.

इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना तर कोराच राहणार. १९५९ मध्ये ‘नेचर’ला इम्पॅक्ट फॅक्टरच नव्हता, ते वार्षिक कोष्टक नियमित निघायला लागलं १९७५ पासून. शिवाय ती संख्या मासिकाची, माणसाची नव्हेच. समजा एका मासिकाने २०२२ आणि २०२३ मिळून २०० लेख छापले आणि २०२४ मध्ये त्या दोन वर्षांच्या मजकुराला ६०० सायटेशन मिळाली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. यात एक फट आहे. छेदात फक्त मूळ शोधलेख आणि रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा घेणारे लेख) मोजतात. संपादकीय आणि पत्रं मोजत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन अंशात जातात. आणि सरासरी असल्यामुळे थोड्या गाजलेल्या लेखांच्या जिवावर बाकीचे सगळे ‘तीनवाले’ म्हणून मिरवतात. ज्या लेखाला पाच वर्षांत एकही सायटेशन नाही त्याच्यापुढे कंसात इम्पॅक्ट फॅक्टर लिहिणं म्हणजे गावात श्रीमंत लोक राहतात म्हणून मीही श्रीमंत असं सांगणं. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दलचा सॅन फ्रान्सिस्कोचा ‘डोरा’ जाहीरनामा २०१३ पासून हेच सांगतंय, आणि त्यावर सह्या केलेल्या संस्थांतही मुलाखतीत हा प्रश्न विचारला जातोच.

आता एच-इंडेक्स. २००५ मध्ये सॅन डिएगोच्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. जिथपर्यंत पेपराचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही तिथपर्यंतचा क्रमांक म्हणजे एच. कागदावर करून पाहू. समजा एका प्राध्यापकाचे बारा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन अशी: ११२, ६४, ३१, १८, ११, ९, ७, ७, ४, २, ०, ०. सातव्या पेपराला सात आहेत, चालतं. आठव्यालाही सातच, म्हणजे कमी पडलं. एच झाला ७. एकूण सायटेशन २६५. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर पाच, म्हणून गूगल स्कॉलरचा आय-टेन ५. पहिला पेपर चौदा वर्षांपूर्वीचा असेल तर सात भागिले चौदा, म्हणजे हर्श यांनीच सुचवलेला एम हा अर्धा.

या यादीशी थोडं खेळलं की एचचा स्वभाव कळतो. पहिल्या पेपराची सायटेशन ११२ ऐवजी ११,२०० करा. एच सातच. हाच तो डे यांचा प्रश्न: एका पेपराने सगळं उलटंपालटं केलं तरी एच त्याला एकाच पेपराइतकी किंमत देतो. आणि एच कधीही एकूण पेपरांच्या संख्येहून मोठा होऊ शकत नाही, त्यामुळे मोजकं लिहिणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आधीच ठरलेलं. बेल्जियमच्या लिओ एगे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला तो याच तक्रारीवर. त्यात वरच्या जी पेपरांची सायटेशन मिळून जीचा वर्ग भरला पाहिजे, म्हणजे गाजलेल्या पेपराचं वजन वाया जात नाही. आपल्या यादीत बारांचा वर्ग १४४ आणि बेरीज २६५, तेव्हा जी बारापर्यंत सहज जातो. गणित चांगलं आहे. वापरतं कोण हा वेगळा प्रश्न.

आता उलट बाजूने. सातव्या आणि आठव्या पेपराला प्रत्येकी एकच सायटेशन आणखी मिळालं तर? एच ८. म्हणजे या प्राध्यापकाने एक नवा पेपर लिहिला, कुठेही छापला, आणि त्याच्या संदर्भयादीत हे दोन पेपर घातले की काम झालं. दोन ओळींचं काम. आठावरून नवावर जायला मात्र सात सायटेशन लागतील: सातव्या-आठव्याला एकेक, नवव्याला पाच. कुठल्या पेपराला ढकललं की एच सरकतो हे प्रोफाइलवर उघड दिसतं, आणि मोजणाऱ्यांना माहीत असो वा नसो, मोजले जाणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. म्हणून आकडा विचारायचाच असेल तर स्वतःची सायटेशन वगळून विचारावा. स्कोपसमध्ये आणि वेब ऑफ सायन्समध्ये ती सोय आहे, गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर नाही. तरी स्वतःचा संदर्भ देणं हा गुन्हा नव्हे. बांधलेल्या आतड्याची पद्धत घेऊन पुढचं काम करणाऱ्या डे यांना १९५३ चा आपलाच पेपर सांगावा लागणार, नाहीतर वाचणाऱ्याला पद्धत कुठून कळणार? एकाच विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहिलेल्या माणसाचं हे प्रमाण थोडं जास्तच असतं. संशय तिथे घ्यावा जिथे संदर्भ मजकुराशी जुळत नाही: रक्तदाबाच्या लेखात प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्याला सहा संदर्भ, सहाही त्याच विभागातले, त्यांतले चार दातांचे.

सायटेशन म्हणजे कौतुक असं आपण गृहीत धरतो. ते तसं नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात १९९८ साली आलेला, लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा पेपर २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याला सायटेशन भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी तो खोडून काढण्यासाठीची. यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच. २०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवरच्या सर्वाधिक उद्धृत पेपरांची यादी छापली तेव्हा पहिला आला तो सेंट लुईसच्या ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिनं किती हे मोजण्याच्या पद्धतीचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन. त्या यादीत पद्धती आणि संख्याशास्त्राची हत्यारंच जास्त होती. सुतार ज्या पटाशीने काम करतो तिचं नाव दर कपाटावर लिहायची रीत असती तर पटाशी बनवणारा जगातला सर्वांत मोठा सुतार ठरला असता. वैद्यकातही हेच: जगण्याचा आलेख काढायची कॅप्लान-मायर पद्धत, दोन मोजमापं जुळतात का हे पाहायची ब्लँड-आल्टमन पद्धत. डे यांचा १९५३ चा पेपर थोडा या जातीचा आहे. बांधलेल्या आतड्याची पद्धत कॉलऱ्यापुरती राहिली नाही, जुलाब घडवणाऱ्या इतर जंतूंसाठीही ती वापरली गेली.

आणि तिसरी गंमत अशी, की कल्पना पूर्ण जिंकली की सायटेशन थांबतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला सामावून जाऊन पुसलं जाणं अशा अर्थाचं नाव दिलं. आज ‘कॉलरा टॉक्सिन’ हा शब्द लिहिताना १९५९ चा संदर्भ देण्याची कुणाला गरज वाटत नाही, जशी रक्ताभिसरण म्हणताना हार्वींची वाटत नाही.

डे यांच्या बाबतीत मात्र पुसलं जाण्याआधी आणखी काहीतरी घडलं होतं: ओळखलंच गेलं नव्हतं. १९५९ नंतरची काही वर्षं हा पेपर जवळजवळ पडून राहिला. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी वेगळ्या वाटेने, सशाच्या पिल्लांवर, कॉलऱ्याच्या विषाचंच काम छापलं. ते अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त आलं. देशाच्या दोन टोकांना एकाच सालात एकच गोष्ट, आणि जग दुसरीकडे पाहत होतं. १९६१ मध्ये इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ निघाली, तेव्हा पैसा आणि माणसं कॉलऱ्याकडे वळली. १९६९ मध्ये फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. आता विषाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला सुरुवात कुठून झाली ते सांगावं लागलं, आणि कलकत्त्याचा पेपर संदर्भयाद्यांत वर येऊ लागला. उशिरा जाग्या होणाऱ्या अशा पेपरांना २००४ मध्ये डच अभ्यासक अँथनी व्हान राआन यांनी झोपलेल्या राजकन्येचं नाव दिलं. अर्ज भरणाऱ्याच्या दृष्टीने यातला मुद्दा असा: १९६४ मध्ये डे यांच्या बढतीसाठी कुणी सायटेशन मोजली असती तर हाताला फारसं काही लागलं नसतं. मोजणी बरोबरच झाली असती. दोन वर्षांची, पाच वर्षांची खिडकी ठेवणाऱ्या सगळ्या आकड्यांना हा माणूस दिसूच शकत नाही.

तसा १९६४ चा उल्लेख अगदीच हवेत नाही. त्याच सुमाराला फिलाडेल्फियातून यूजीन गारफील्ड यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाहेर पडला, १९६१ सालची ६१३ मासिकं चाळून केलेला. कल्पना त्यांनी उचलली होती वकिलांकडून: एखादा जुना निवाडा पुढे कुणी मानला, कुणी फिरवला हे सांगणाऱ्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या सूचीवरून. हेतू होता शोध घेण्याचा. जुन्या पेपराचं पुढे काय झालं हे पुढच्या वाचकाला कळावं, चुकीचा ठरलेला पेपर कुणी डोळे मिटून वापरू नये. माणसांना गुण द्यायला ही वही उघडायची हे नंतर सुचलं. आणि त्याच गारफील्ड यांनी १९८६ मध्ये, डे यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, आपल्या ‘करंट कंटेंट्स’मध्ये कॉलरा संशोधनाचा नकाशा काढला, ज्याच्या शीर्षकातच शंभुनाथ डे यांचं नाव होतं. नकाशा सह-उद्धरणांचा. कोणते दोन पेपर पुढच्या लोकांच्या संदर्भयादीत जोडीने येतात ते पाहायचं. वारंवार जोडीने येणारे जवळ, कधीच न येणारे दूर. असं करत गेलं की कुठली कल्पना कुठून फुटली ते आपोआप उमटतं. एका माणसाचा प्रभाव मोजायची आजवरची मला पटलेली हीच एक पद्धत, आणि तिच्यातून एक आकडा निघत नाही.

सह-उद्धरणाची हीच युक्ती वापरून एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ काढला. तुमचा पेपर ज्यांच्या सोबत उद्धृत होतो तेच तुमचं क्षेत्र असं मानायचं, त्या क्षेत्राच्या वेगाशी तुमच्या दर वर्षीच्या सायटेशनची तुलना करायची, आणि एनआयएचच्या पैशातून झालेला मधला पेपर म्हणजे १ धरायचा. ‘आयसाइट’ नावाच्या संकेतस्थळावर हे फुकट मिळतं: पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतले क्रमांक एकाखाली एक चिकटवायचे, बटण दाबायचं. त्यात किती क्लिनिकल पेपरांनी तुम्हाला उद्धृत केलं हाही रकाना आहे, वैद्यकासाठी तो जास्त कामाचा. फक्त ही मोजणी १९८० नंतरच्या पेपरांची. डे पुन्हा बाहेर. स्कोपसवाल्यांचा ‘एफडब्ल्यूसीआय’ही असाच, विषय, वर्ष आणि लेखाचा प्रकार पाहून जगाची सरासरी १ धरणारा. पाच-सहा पेपरांच्या माणसाला तो लावू नये, एका रिव्ह्यूने तो चारावर उडी मारतो.

विषयानुसार तुलना का हवी हे महाडकडे पाहून कळतं. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला, आणि प्रतिविषासह घेतलेली चाचणी २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. विंचू चावून फुप्फुसात पाणी भरलेला माणूस जिथे दहांतले तीन-चार दगावत, तिथे मृत्यू विरळा झाला. पण विंचवावर लिहिणारे जगात किती? भारत, उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, ब्राझील, मेक्सिको. एवढ्या लोकांनी सगळ्यांनी सायटेशन दिलं तरी स्तनाच्या कर्करोगावरच्या मध्यम दर्जाच्या रिव्ह्यूच्या जवळपासही आकडा पोचणं कठीण. दोघांचा एच शेजारी लिहून मोठा-लहान ठरवणारा माणूस नुसता हिशोबात चुकलेला नाही.

राहिली ती दरवर्षी वर्तमानपत्रात येणारी ‘जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांची’ यादी. ती स्टॅनफर्डचा पुरस्कार नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती बनवतात, २०१९ पासून. तिच्यात दोन वेगळी कोष्टकं असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचं आणि एक फक्त त्या वर्षाचं. बातमीत कुठलं ते बहुधा नसतं. मोजमाप सहा गोष्टी मिळून आहे आणि त्यांतल्या तीन एकट्या, पहिल्या आणि शेवटच्या लेखकाच्या जागेवर बेतलेल्या. हा भाग मला आवडतो, कारण शेकडो लेखकांच्या पेपरात एकशेचाळिसाव्या नावाला तितकाच एच मिळावा हा वैद्यकातला जुना घोळ त्याने थोडा सुटतो. एकट्याच्या नावावर ‘नेचर’ असलेल्या डे यांचं पारडं इथे जड झालं असतं. पण या कोष्टकात पेपर मोजतात १९६० पासून. एका वर्षाने हुकले.

सायटेशन जिथे पोचतच नाही असाही एक प्रभाव असतो. गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच कल्पना देशभरासाठी घेतली. आज आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, पिशवीतल्या फॉर्मवर खुणा करते. त्या फॉर्मच्या खाली संदर्भयादी नसते. धोरणांच्या कागदांतले संदर्भ शोधणारी ‘ओव्हर्टन’सारखी साधनं आता आहेत, पण तीही कागदापर्यंतच.

तर डॉ. डे यांचा अर्ज. सायटेशनच्या रकान्यात आकड्याआधी तीन गोष्टी लिहायच्या: कुठल्या डेटाबेसमधून, कुठल्या तारखेला, स्वतःची धरून की वगळून. एचच्या रकान्यात तेच, आणि शेजारी पहिल्या पेपराचं वर्ष. इम्पॅक्ट फॅक्टरवर आडवी रेघ. मग उरलेल्या जागेत, फॉर्म कितीही तोंड वाकडं करो, निवडक कामाचे दोनच उतारे: १९५३, बांधलेल्या आतड्याची पद्धत, पुढे कुणी कशासाठी वापरली, १९५९, एकमेव लेखक, जंतूविरहित द्रवातलं विष, दहा वर्षांनी कुणी शुद्ध केलं. सहलेखकाचं नाव लिहिताना स्पेलिंग मूळ पेपराशी ताडून पाहायचं. शेवटी एकच ‘ई’.